पेंग्विनची वामकुक्षी

श्रीकृष्णराव गुप्ते निवृत्त झाले त्याला सव्वा वर्ष होत आलं होतं, पण ही बातमी त्यांच्या शरीरापर्यंत अजून पोचली नव्हती. वाघोडियाच्या कारखान्याची बस सहाला नाक्यावर येई, म्हणून एकतीस वर्षं ते पाच वाजून दहा मिनिटांनी उठत आले होते. बस आता त्यांच्यासाठी थांबत नव्हती. ते मात्र पाच-दहालाच उठत. पाच-वीसला वसुंधराबाई चहाचा कप समोर ठेवत. मग दोघंही गॅलरीत बसून ती बस जाताना बघत, आणि बसविषयी कुणीच काही बोलत नसे.

निवृत्तीचं दुःख पगाराचं नसतं, खुर्चीचंही नसतं. ते प्रश्नांचं असतं. कारखान्यात श्रीकृष्णराव उपकरण विभागाचे प्रमुख होते. मीटर, व्हॉल्व्ह, भट्टीचं तापमान दाखवणारे काटे, यांतलं काहीही बिनसलं की फोन यायचा, ‘गुप्तेसाहेब, हे असं का होतंय?’ जेवताना यायचा, सत्यनारायणाच्या पूजेत यायचा, एकदा तर मेहुण्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना आला होता. तेव्हा ते चिडायचे. आता त्यांना दिवसभरात दोनच प्रश्न येत. जेवायला वाढू का, आणि दूधवाल्याला उद्या जास्तीचं सांगितलंत का. ‘का’ आणि ‘कसं’ विचारणारं बडोद्यात कुणी उरलं नव्हतं.

मुलगी ईशानी बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये होती. ती दर रविवारी फोन करायची आणि आईशी भरपूर बोलून झालं की विचारायची, ‘बाबा, बरा आहेस ना?’ हा प्रश्न ‘हो’ म्हटलं की संपतो. श्रीकृष्णरावांनी एकदा तो लांबवण्यासाठी ‘मध्यम’ असं उत्तर दिलं, तर त्यांना रक्ताच्या सात तपासण्या कराव्या लागल्या.

गेल्या दिवाळीत ईशानी आली होती, तेव्हा तिच्या लॅपटॉपवर पेलाभर छास, म्हणजे बडोद्याचं पातळ ताक, सांडली. सांडली म्हणजे श्रीकृष्णरावांनीच सांडली. कोथिंबीर आणि जिऱ्याची पूड घातलेली ती ताजी छास कळफलकातून आत झिरपली, आणि लॅपटॉप विझला. त्यावर ईशानी फक्त म्हणाली, “जाऊ दे बाबा, जुनाच होता.” ती ओरडली असती तर परवडलं असतं. इतक्या पटकन माफ करतात ते लहान मुलांना नाहीतर म्हाताऱ्यांना, आणि लहान तर ते नव्हते.

पाणीगेटजवळच्या दुकानात रणवीरभाई म्हणून जुना कारागीर होता. त्याने लॅपटॉप उघडला, हुंगला आणि म्हणाला, “साहेब, मोटो प्रोसेसर तो गयो. अंदर से कढी की वास आवे छे.” बडोद्यात एक वाक्य पुरं व्हायला कधी कधी दोन-तीन भाषा लागतात. मग त्याने मीटर लावून पाहिला आणि भुवया उंचावल्या. “पण आ नानी चिप जीवे छे. सिक्युरिटीवाळी.”

ईशानीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत म्हणाली, “हो, तो आतला वेगळा छोटा कॉम्प्युटरच असतो. लोक त्याच्यावर म्हणे लिनक्स चालवून बघतात. वेडे असतात एकेक.” एवढं बोलून तिने फोन आईकडे द्यायला सांगितला.

श्रीकृष्णरावांनी फोन दिला, पण ते वाक्य ठेवून घेतलं.

पुढचे बरेच महिने ते वाक्य त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. दुपारी जेवण झालं की ते गॅलरीतल्या आरामखुर्चीत पडायचे. समोर कडुलिंबाची सावली भिंतीवर हलायची, खालून भाजीवाल्याची हाक लांबत लांबत जायची, आणि अर्धवट झोपेत त्यांना ती चिप दिसायची. ती लॅपटॉपची पहारेकरी होती. मालकाने बटण दाबलं की आधी ती उठायची, ओळख पटवायची, किल्ल्या तिच्याच कमरेला, आणि मग ती मोठ्या प्रोसेसरला जागं करायची. कळफलकाच्या वरच्या बाजूला जो बोटभर रुंदीचा लांबट पडदा होता, तोही तिच्याच ताब्यात. मोठा प्रोसेसर छासेत बुडून गेला होता. राजवाडा रिकामा, दिवे गेलेले, दरबारात कुणी नाही, आणि देवडीवर हा एक माणूस अजून उभा, किल्ल्या घेऊन. श्रीकृष्णरावांना त्या पेंगेत स्वतःच्या तोंडाचा तो पहारेकरी दिसे, आणि ते दचकून जागे होत.

गणपती बसले त्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की आपण या चिपवर लिनक्स चालवणार.

“म्हणजे काय होणार?” वसुंधराबाईंनी विचारलं. त्या उकडीच्या मोदकांना कळ्या पाडत होत्या.

“लिनक्स म्हणजे यंत्राला चालवणारी प्रणाली. कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. पेंग्विन ही तिची खूण. आणि मी चालवणार तीसुद्धा मेनलाइन. ठरलेल्या माणसांनी तपासलेला, सगळ्यांसमोर ठेवलेला मूळ गाभा. ठिगळं लावून काय, कुणीही चालवेल.”

“बरं,” वसुंधराबाई म्हणाल्या, आणि पुढची कळी पाडली.

त्या ‘बरं’वर श्रीकृष्णराव नाराज झाले. त्यांना ‘कसं?’ अपेक्षित होतं. मग त्यांनी ते न विचारताच सांगितलं, मोदकांचं ताट भरेपर्यंत. चिपच्या जन्मापासूनच तिच्यात एक फट राहून गेली आहे, ती बनवणाऱ्यालाही आता बुजवता येत नाही. चार बटणं एकदम दहा सेकंद दाबून धरली की चिप एका गुंगीच्या अवस्थेत जाते. तेव्हा दुसऱ्या लॅपटॉपवरून केबल लावून त्या फटीतून आपला कार्यक्रम आत सरकवायचा. तो फक्त स्मरणात राहतो, वीज गेली की गेला. वसुंधराबाई ऐकत होत्या की मोदक मोजत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

इंटरनेटवर असल्या लोकांची एक चावडी होती. तिथल्या एका पोलंडच्या माणसाने सुचवलं, की चिप काय पुटपुटते ते ऐकायला एक खास केबल घ्या. श्रीकृष्णरावांनी ती परदेशातून मागवली. ती देशात आली, आणि कस्टम्समध्ये अडकली. कुरिअरवाल्यांचा निरोप आला, वस्तूचा उपयोग लिहून द्या.

इथे दुसरा एखादा ‘घरगुती वापर’ असं लिहून मोकळा झाला असता. पण श्रीकृष्णरावांनी एकतीस वर्षं कागद रंगवले होते. त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं, आकृतीसह. ‘सदर केबल सुरक्षा-चिपशी थेट संभाषण करण्याकरिता असून, चिपच्या मूळ संरक्षण-व्यवस्थेस बगल देऊन तीत अन्य प्रणाली प्रस्थापित करणे हा हेतू आहे.’ शेवटी सही, हुद्दा आणि हुद्द्यापुढे कंसात ‘निवृत्त’.

त्यानंतर प्रश्न येऊ लागले. प्रश्न त्यांना हवेच होते, पण असे नव्हे. सुरक्षा कुणाची? चिप कुठल्या आस्थापनेची? आपण कुठल्या संस्थेच्या वतीने बगल देत आहात? ते स्वतः कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “काका, घरी कुणी मोठं आहे का?” श्रीकृष्णरावांचं वय एकोणसाठ होतं. ते बाहेर आले आणि सूरसागरच्या काठावर तासभर बसून राहिले. तलावाचं पाणी हिरवं, जड, झोपलेलं होतं. मधल्या महादेवाच्या मूर्तीची सावली त्यावर पसरली होती. ती पहारा करतेय असं त्यांना वाटलं आणि थोडं बरं वाटलं. केबल ‘हेतू अस्पष्ट’ असा शेरा मारून परत पाठवण्यात आली. पोलंडच्या माणसाने कळवलं, हरकत नाही, तुमची साधी चार्जिंगची केबलही चालते.

तोवर पितृपंधरवडा लागला होता. शेजारच्या निरुपमाबेन दारात येऊन म्हणाल्या, “श्रीकृष्णभाई, श्राद्धना दिवसोमां नवुं काम न कराय.”

“नवं कुठाय निरुपमाबेन? गेलेल्याचंच काम आहे,” श्रीकृष्णराव म्हणाले.

हे उत्तर त्यांना चांगलं जमल्यासारखं वाटलं. पण निरुपमाबेननी ते गंभीरपणे घेतलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, की चौथ्या मजल्यावरचे गुप्तेअंकल मेलेल्या कॉम्प्युटरची सिक्युरिटी तोडत आहेत. त्या दिवसापासून सल्ल्यांची रीघ लागली. कुणी म्हणालं तांदळाच्या डब्यात ठेवा, कुणी म्हणालं उन्हात ठेवा. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तो ईशान्य कोपऱ्यात ठेवायला सांगितला. ज्यांनी सल्ला दिला नाही त्यांनी कामं आणली. विसरलेले पासवर्ड, बिघडलेले रिमोट, एका आजींची गॅसची ओळखपडताळणी. भट्टीचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत राखणारा माणूस सकाळभर रिमोटचे सेल फिरवून बघत बसे. आणि गंमत अशी, की रिमोट चालू लागला तरी ‘कसं केलंत?’ असं कुणीही विचारत नसे.

नवरात्र चार दिवसांवर आलं तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी केयूरभाई स्वतः आले. त्यांनी आधी तक्रार मांडली, की मेंबरलोक बिथरलेत, हे हॅकिंगबिकिंग सोसायटीच्या नियमात बसत नाही, लेखी खुलासा द्यावा लागेल. श्रीकृष्णराव ताबडतोब कागद काढायला उठले. केयूरभाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, “खुलासा जवा दो. तमे सिक्युरिटी तोडो ज छो, तो आ गरबाना पासनी ॲपनुं कंईक करो ने. चार पास. मारा सासरीवाळा आवे छे.”

“केयूरभाई, मी असलं काही करत नाही.”

“तो पछी आटला दिवसथी करो छो शूं?”

मग एवढे दिवस करताय तरी काय? इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. श्रीकृष्णराव सरसावून बसले आणि सांगू लागले. दुसऱ्याच मिनिटाला केयूरभाईंना फोन आला. तो त्यांच्या खिशात आपोआप वाजला की त्यांनी वाजवला, हे आजतागायत कळलेलं नाही.

प्रयत्न मात्र रोज चालू होते. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांनी ताब्यात घेतला होता. कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे लॅपटॉप पालथा घालून, खालचं झाकण काढून, पोट उघडं करून ठेवलेला. त्याला केबलने जोडलेला त्यांचा स्वतःचा जुना लॅपटॉप. केबलला सुतळीने बांधलेली लाल चिठ्ठी: ‘काम चालू आहे. केबल काढू नये. श्री. गुप्ते.’ लॅपटॉप कुशीवर करायचा, चार बटणं धरायची, दहा आकडे मोजायचे, परत पालथा घालायचा. दुसऱ्या लॅपटॉपवर एकच ओळ येई, ‘उपकरणाची वाट पाहत आहे’, आणि तिच्यापुढे एक ठिपका उघडमीट करत राही. पहिल्या दिवशी तो ठिपका त्यांना आशेचा वाटला. दहाव्या दिवसापर्यंत ते त्या ठिपक्याबरोबर श्वास घेऊ लागले होते. बघता बघता डोळे जड होत, आणि ते त्या रिकाम्या राजवाड्यात पोचत. देवडीवर पहारेकरी उभा असे. श्रीकृष्णराव त्याला म्हणत, मी आहे, गुप्ते. तो यांच्याकडे बघतही नसे, दुसऱ्याच दरवाज्याकडे तोंड करून उभा असे.

अधल्यामधल्या वेळात त्यांनी बाकीची तयारी चोख केली. चिपला घरात काय काय सामान आहे, कुठे आहे, याची यादी द्यावी लागते, ती त्यांनी लिहिली. पेंग्विनचं चित्र त्या बोटभर पडद्यात मावेना, म्हणून दोन दुपारी खर्चून त्याला लहान केलं. यातलं प्रत्येक पाऊल ते वसुंधराबाईंना सांगत, त्या पोळ्या लाटत असताना, दूध तापवत असताना, देवाची फुलं निवडत असताना. त्या ‘बरं’ म्हणत. ईशानीला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. चालू करायचा, तिला दाखवायचा, आणि तिच्या तोंडून ‘बाबा, कसं केलंस?’ एवढं ऐकायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. उत्तरही तयार होतं. ते चाळीस मिनिटांचं होतं.

अठरा दिवस गेले. एकोणिसावा दिवस खंडेनवमीचा उजाडला.

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं, यंत्रं सगळी पुजायची. पूर्वीच्या गुप्त्यांकडे म्हणे तलवार होती. आता विळी, कात्री, शिवणाचं मशीन, श्रीकृष्णरावांचे स्क्रूड्रायव्हर, आणि मिक्सर. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्यांची ती हक्काची सुट्टी. गुप्त्यांकडे त्या दिवशी भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवलेली असते.

श्रीकृष्णरावांनी पाच-दहाला उठून, चहा घेऊन, नेमाने चार बटणं दाबली, लॅपटॉप पालथा घातला, ठिपका उघडमीट करू लागला, आणि ते झेंडूची फुलं आणायला खंडेराव मार्केटला गेले. ते पिशवी घेऊन परतले, तर जेवणाचं टेबल स्वच्छ रिकामं होतं. दोन्ही लॅपटॉप नव्हते. केबल नव्हती. लाल चिठ्ठी तेवढी खिडकीत, पेपरवेटखाली होती.

“वसुंधरा!”

“ओरडू नका, पूजा मांडलीय. फुलं आणा इकडे.”

देवघरासमोर रांगोळी होती, तिच्यावर पाट, पाटांवर ओळीने सगळी यंत्रं. मधोमध ईशानीचा लॅपटॉप, सुलटा, उघडलेला, पूर्वेकडे तोंड करून. त्याच्या कपाळावर ओलं हळदकुंकू, डावीकडे केबलने जोडलेला श्रीकृष्णरावांचा लॅपटॉप. उजवीकडे समई तेवत होती.

“तू तो हलवलास? केबल काढलीस?”

“पूजेला कुणी पालथं बसतं का? सुलटा केला. आणि वायर त्या बाजूला समईजवळ येत होती. पेट घेतला असता म्हणजे? म्हणून काढून डावीकडच्या भोकात घातली. चालू आहे ना, बघा.”

श्रीकृष्णरावांनी तोंड उघडलं. सुरक्षेच्या नियमांप्रमाणे वसुंधराबाईंचं वागणं निर्दोष होतं, ज्योतीजवळ वायर नको, हे त्यांनीच एकतीस वर्षं इतरांना शिकवलं होतं. म्हणून काय बोलावं ते ठरवायला एक क्षण लागला, आणि त्या क्षणात त्यांची नजर पडद्यावर गेली.

कळफलकाच्या वरची ती बोटभर पट्टी उजळली होती. दिवाळीपासून काळी पडलेली ती पट्टी मंद पांढरी झाली होती, आणि तिच्यावर अक्षरांच्या ओळी सरकत होत्या, आडव्या, कलंडलेल्या. त्या सरकायच्या थांबल्या. टोकाला पेंग्विन होता. तो डाव्या कुशीवर, पोट पुढे काढून, स्वस्थ पडला होता. पडदा मुळात उभा बसवलेला असतो, त्यामुळे चित्र नव्वद अंशांनी कलंडतं, हे श्रीकृष्णरावांना ठाऊक होतं. पण त्या घटकेला त्यांना एवढंच दिसलं, की भरल्या पोटाने वामकुक्षी घ्यावी तसा तो पडलाय, आणि त्याच्या डोक्याशी त्यांच्याच पिशवीतून गळलेली झेंडूची एक पाकळी आहे.

ते पाटाशेजारी बसले. मग त्यांना हळूहळू उमगलं. चावडीवर स्पष्ट लिहिलं होतं, डाव्या बाजूचं, स्क्रीनजवळचं भोक. पण एकतीस वर्षं श्रीकृष्णराव कंट्रोल पॅनेलच्या पाठीमागे उभे राहून काम करत आले होते, आणि त्यांच्या कारखान्यात डावंउजवं वायरिंगच्या बाजूने, म्हणजे मागून मोजायची रीत होती. लॅपटॉप पालथा घातला की डावं ते उजवं होतं. एवढी साधी गोष्ट. एकोणीस दिवस ते भलत्या दरवाज्यावर थाप मारत होते, आणि पहारेकरी दुसऱ्या दरवाज्याकडे तोंड करून वाट बघत होता.

तोवर वसुंधराबाईंनी पिशवीतली फुलं वाहून नमस्कारही केला होता. श्रीकृष्णरावांचा हात पुढे गेला.

“हां!” वसुंधराबाई म्हणाल्या. “पूजा झालीय. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.”

“अगं, पण बघायला तरी...”

“डोळ्यांनी बघा.”

बातमी जिन्याने खाली गेली. तासाभरात सोसायटीची निम्मी माणसं येऊन गेली. अक्षरं आडवी असल्याने प्रत्येकाला मान उजव्या खांद्यावर टाकून बघावं लागे. निरुपमाबेननी मान कलती केली, हात जोडले आणि पेढा ठेवला. केयूरभाईंनी बराच वेळ मान कलती ठेवून पाहिलं आणि विचारलं, “आमां पासनी ॲप चाले?” दाराबाहेर मान कलती केलेल्या माणसांची रांग बघून एक अनोळखी बाई हळदकुंकू लावूनच परत गेल्या.

ऐन दुपारी, माणसं ओसरल्यावर, वसुंधराबाईंनी ईशानीला व्हिडिओ लावला. वार रविवार नव्हता, म्हणून ती घाबरूनच बोलली. “आई, काय झालं? बाबा बरा आहे ना?”

वसुंधराबाईंनी फोन लॅपटॉपसमोर धरला. फोनमधली ईशानीसुद्धा मान कलती करून बघत राहिली. मग तिचे डोळे मोठे झाले.

“हा माझा? छासवाला? त्या चिपवर... बाबा! कसं केलंस?”

तो प्रश्न आला. घरात पंखा फिरत होता, समईची ज्योत सरळ होती, बाहेर कडुलिंब हलत होता. ते चाळीस मिनिटांचं उत्तर कुठून सुरू करायचं, हेच श्रीकृष्णराव शोधू लागले.

“अगं, मेनलाइनच घेतला त्यांनी,” वसुंधराबाई म्हणाल्या. “ठिगळं लावून काय, कुणीही चालवेल. त्या चिपमध्ये जन्मापासून एक फट असते, बनवणाऱ्याला पण बुजवता येत नाही. चार बटणं दहा सेकंद धरली की ती गुंगीत जाते, मग आपलं सगळं त्या फटीतून सरकवायचं. पण नुसतं सरकवून भागत नाही, तिला घरातल्या सामानाची यादी द्यावी लागते, काय कुठे आहे त्याची. ती सगळी बाबांनी हाताने लिहिली. आणि पेंग्विन मोठा होता, तो कमी करायला दोन दुपारी गेल्या. सगळं स्मरणातच राहतं हां, वीज गेली की गेलं.”

श्रीकृष्णराव बायकोकडे बघत राहिले. ईशानीने विचारलं, “मग इतके दिवस अडलं कुठे होतं?”

वसुंधराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खरं काय ते एकट्या श्रीकृष्णरावांनाच माहीत होतं, आणि काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. मूळ गाभ्याचं कारण होतं, केबलचं होतं, पोलंडचंही होतं.

“मी एकोणीस दिवस चुकीच्या बाजूला केबल घालत होतो,” ते म्हणाले. “आज तुझ्या आईने समई ठेवायला ती डावीकडे घातली, आणि चालू झालं.”

ईशानी इतकी हसली की फोन हलला. मग तिने एकामागून एक प्रश्न विचारले, यादी कशी लिहिली, कुठल्या आवृत्तीची, वाट बघायची ओळ कुठून आली, आणि श्रीकृष्णरावांना सुरुवात सापडली. चाळीस मिनिटांचं उत्तर पन्नास मिनिटं चाललं. फोन ठेवताना ती म्हणाली, “बाबा, शनिवारी परत सांग, मी लिहून घेते.”

मग घर शांत झालं. वसुंधराबाई पाटाशेजारी भिंतीला टेकून बसल्या.

“तुला हे सगळं ठाऊक होतं?” श्रीकृष्णरावांनी विचारलं.

“दुसरं काय ऐकलं मी महिनाभर?”

“मग कधी काही विचारलं नाहीस ते?”

“तुम्ही थांबलात तर विचारणार ना,” वसुंधराबाई म्हणाल्या. “एक विचारायचं होतं. गणपतीपासून राहिलंय.”

श्रीकृष्णराव थांबले. बऱ्याच दिवसांत ते असे थांबले नव्हते.

“त्या चिपचं काम मोठ्याला उठवायचं ना? पहारा द्यायचा. मग मोठा गेला, हे तिला कळलंय का?”

श्रीकृष्णरावांनी मान कलती करून पेंग्विनकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तयार केलेलं नव्हतं. चावडीवरही ते कुणी लिहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी समईच्या धुरावर ढकललं.

“नाही,” ते म्हणाले. “तिला कुणी सांगितलेलं नाही.”

“मग नका सांगू,” वसुंधराबाई म्हणाल्या, आणि पेंग्विनच्या डोक्याशी पडलेली पाकळी त्यांनी हलक्या हाताने, पट्टीला बोट न लावता, बाजूला केली.

दसऱ्याच्या सकाळी श्रीकृष्णरावांना पाच वाजून दहा मिनिटांनी जाग आली. देवघरात पट्टी अजून उजळलेली होती. आतमध्ये चहाचं पाणी उकळायला लागलं होतं.